कुकीज आणि टेम्प फाइल्स रोज उडवते, तेवढं पुरतं का? आधी लॉगआउट, मग झाडू

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे म्हणून उत्तरही मोठंच देतो, सवडीने वाचा. तुम्ही लिहिलंय की घरात एकच विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यावर तुम्ही बँकेचं बघता, शिकवणीच्या फीचा हिशोब ठेवता, रिटर्न भरता, आणि त्याच लॅपटॉपवर मुलगा आणि पुतण्या प्रोजेक्ट करतात, गेम खेळतात. तुम्ही रोज रात्री कुकीज आणि टेम्प फाइल्स (प्रोग्रॅम कामापुरत्या ठेवतात त्या तात्पुरत्या फाइली) साफ करता, त्यासाठी एक फुकटचं क्लीनरही टाकलंय, तरी शोधलेल्या वस्तूंच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. मागच्या आठवड्यात लाइट नव्हती म्हणून मुलीच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म नेटकॅफेत भरला, तिथे जीमेल उघडलं, आधार डाउनलोड करून प्रिंट काढली आणि निघताना हिस्ट्री डिलीट केली. आणि पुढच्या महिन्यात हा लॅपटॉप एक्सचेंजमध्ये द्यायचाय.

मी बावीस वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंग करतोय, हजारो लोकांच्या मशीन उघडून बघितल्यात, त्यामुळे लोकांचं काय मागे राहतं हे मला फार जवळून माहिती आहे. तुम्ही करताय ते चूक नाही. पण तुम्ही ज्याला घाबरताय तो एक माणूस नाहीये. तुमच्यानंतर त्याच खुर्चीत बसणारा वेगळा, पलीकडून तुमच्यावर नजर ठेवणारी वेबसाइट वेगळी, आणि चोर वेगळा. कुकीज आणि टेम्प उडवल्याने मुख्यतः पहिल्यापासून बचाव होतो. बाकी दोघांपासून फारच थोडा.

आधी नेटकॅफेचं घेतो, कारण ते आजच करायचंय.

हिस्ट्री डिलीट केली म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची यादी गेली. जीमेलमधून लॉगआउट केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आत्ता फोन हातात घ्या, गूगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जा, तिथे तुमची डिव्हाइसेस म्हणून यादी दिसेल. त्यात ओळखीचा नसलेला विंडोज कॉम्प्युटर दिसला तर त्याच्यावर बोट ठेवून साइन आउट करा आणि लगेच पासवर्ड बदला. व्हॉट्सअ‍ॅप वेब तिथे उघडलं असेल तर फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन तेही काढा. हे घरबसल्या होतं, परत कॅफेत जायची गरज नाही.

आधारसाठी मात्र जावं लागेल. डाउनलोड केलेली फाइल हिस्ट्रीबरोबर जात नाही, ती डाउनलोड्स फोल्डरमध्येच बसलेली असते, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. ब्राउझरमध्ये जी डाउनलोड हिस्ट्री पुसली जाते ती फक्त नावांची यादी, फाइल जागेवरच. एकदा एका दुकानातलं मशीन माझ्याकडे स्लो झालंय म्हणून आलं होतं, मी डाउनलोड्स उघडला आणि स्क्रोल करत बसलो तरी संपेना. कुणाचं आधार, कुणाची दहावीची मार्कशीट, उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, सगळं नावानिशी. दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याला ते साफ करायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासमोर सगळं उडवलं तेव्हा तोच हबकला होता.

आता कुणी म्हणेल आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो की. असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. नाव बऱ्याचदा फॉर्मच्या फाइलवर असतं, जन्मतारीख शेजारच्या दाखल्यावर असते, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगलेली. म्हणून जा, दुकानदाराला सरळ सांगा, दादा माझी फाइल राहिलीय, ती शिफ्ट दाबून डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण राहणार नाही. लाजायचं काही कारण नाही. आणि पुढच्या वेळी आधार डाउनलोड करताना मास्क्ड आधारचा पर्याय घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे ते चालतं.

प्रिंटचं अजून एक. आजकाल झेरॉक्सवाले म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप करा, काढून देतो. आपण पाठवतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि निघतो. ती फाइल त्याच्या फोनमध्ये, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आणि प्रिंट काढायला उतरवलेली कॉपी त्याच्या डाउनलोड्समध्ये, अशी तीन ठिकाणी राहते. तुम्ही तुमच्या बाजूने डिलीट फॉर एव्हरीवन केलं तरी चॅटमधली जाते, उतरवलेली तशीच राहते. त्यामुळे उभं राहून, समोर डिलीट करून घ्यायचं.

आणि कॅफेत हिस्ट्री पुसली म्हणजे आपला तिथला मागमूस संपला असंही नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे कॅफेवाल्याने ग्राहकाची ओळख आणि वापराची नोंद, कुठल्या साइट बघितल्या त्याच्यासकट, किमान एक वर्ष ठेवायची असते. गैर काही नाही त्यात, पण हे लक्षात असू द्या. बँकेचं काम तर कॅफेत करूच नका. त्या मशीनवर कुणी बटणं नोंदवणारं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं असेल तर तुम्ही नंतर कितीही कुकीज पुसा, पासवर्ड टाईप झाला त्याच क्षणी गेलेला असतो.

आता कुकीजकडे येतो. कुकी म्हणजे काय हे नीट कळलं ना, की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

देवळाबाहेर चप्पल स्टँड असतो बघा. तुम्ही चपला देता, तो तुम्हाला पत्र्याचा नंबरवाला बिल्ला देतो. दर्शन झाल्यावर तो तुमचं तोंड बघत नाही, बिल्ला बघतो आणि त्या नंबरच्या चपला देतो. वेबसाइटचं तसंच आहे, तिला माणूस लक्षात राहत नाही, प्रत्येक क्लिक तिच्यासाठी नवा गिऱ्हाईक. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने ही कुकीची युक्ती काढली, की साइटने एक छोटासा नंबर ब्राउझरकडे ठेवायला द्यायचा आणि ब्राउझरने दर वेळी तो दाखवायचा. तुम्ही पासवर्ड एकदाच टाकता, नंतर दिवसभर तो बिल्लाच काम करतो.

आता दोन गोष्टी बघा. एक, बिल्ला ज्याच्या हातात त्याला चपला. दुसरी, तुम्ही बिल्ला फेकून दिला तरी चपला स्टँडवरच राहतात आणि त्यांचा खण उघडाच असतो. नुसती कुकी डिलीट करणं म्हणजे बिल्ला फेकून देणं. लॉगआउट करणं म्हणजे चपला परत घेऊन खण रिकामा करणं. तुम्ही लॉगआउट दाबता तेव्हा चांगली साइट तिच्या बाजूने तो नंबर रद्द करते, मग त्याची कॉपी कुणाकडे असली तरी निरुपयोगी. लॉगआउट न करता कुकी उडवली तर तुमच्या मशीनवरून ती गेली, पण साइटच्या दप्तरी तो नंबर जिवंत असू शकतो, कधीकधी आठवडेच्या आठवडे. बँकेच्या साइट पाच-दहा मिनिटांत आपणहून बाहेर काढतात ते याचसाठी, पण मेल आणि सोशल मीडियाचं तसं नसतं. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो की आधी लॉगआउट करायचं आणि मगच झाडू फिरवायचा. तुमच्या रोजच्या साफसफाईत नेमकं हेच राहतंय असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

ही नुसती थिअरी नाही. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे कॉम्प्युटरचंच मोठं यूट्यूब चॅनल चोरांच्या हाती गेलं होतं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने स्पॉन्सरशिपची ऑफर समजून मेलमधली फाइल उघडली, तिने ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीज उचलून बाहेर पाठवल्या आणि चोर थेट आत शिरले. पासवर्ड लागला नाही, ओटीपीही नाही, कारण बिल्ला हातात होता. रात्रंदिवस कॉम्प्युटरमध्ये असलेल्या लोकांचं असं होतं. तुमचा पुतण्या गेमचा क्रॅक किंवा चीट म्हणून कुठून काही उतरवत असेल तर मला तुमच्या टेम्प फाइल्सपेक्षा त्याची जास्त भीती वाटते. कुकीज चोरणारी सॉफ्टवेअरं अशाच फाइलींमधून येतात. त्याला रागावू नका, समजावून सांगा, आणि त्यासाठी वेगळी सोय करा, ती खाली सांगतो.

अजून एक गैरसमज. ब्राउझर बंद केला की लॉगआउट होतं असं खूप जणांना वाटतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ऑन स्टार्टअपला कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ निवडलेलं असेल तर बंद करताना ज्या कुकीज मरायला हव्यात त्याही पुढच्या वेळी जिवंत होऊन येतात. घरात चौघं वापरत असतील तर ते सेटिंग बदला, न्यू टॅब ठेवा.

आता जाहिराती. तुम्ही कुकीज उडवता, पाच मिनिटांनी परत गूगलला साइन इन करता, आणि मग त्याच अकाउंटवर तुमचं सगळं शोधणं पुन्हा जोडलं जातं. ते तुमच्या लॅपटॉपवर नाहीच मुळी, त्यांच्याकडे आहे. तिथे झाडू मारायचा तर गूगल अकाउंटमध्ये माय अ‍ॅक्टिव्हिटीत जा, वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटीला ऑटो डिलीट लावा, ३ महिने, १८ महिने आणि ३६ महिने असे पर्याय असतात, मी ३ महिने ठेवतो. यूट्यूबचं वेगळं असतं, तेही लावा. शिवाय ज्या अकाउंटने लॅपटॉपवर आहात त्याच अकाउंटने फोनवर पण आहात, त्यामुळे फोनवर बघितलेली साडी लॅपटॉपवर येते. यात कुकीचा दोष नाही.

दुसऱ्याच कंपन्यांच्या ज्या कुकीज असतात, म्हणजे तुम्ही बातम्यांची साइट उघडली आणि जाहिरातवाल्याने मागच्या दाराने स्वतःचा बिल्ला तुमच्या खिशात टाकला, त्या थर्ड पार्टी कुकीज. सफारीने त्या मार्च २०२० पासून पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की दोन वर्षांत बंद करू, मग तारखा पुढे ढकलत ढकलत २०२५ मध्ये तो विचारच सोडून दिला. त्यामुळे क्रोम वापरत असाल तर हे स्वतः करावं लागतं, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये थर्ड पार्टी कुकीजला ब्लॉक करा. एकदाच करायचं काम आहे आणि रोज रात्री कुकीज पुसण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. एखादी साइट अडली तर तेवढ्यापुरती परवानगी देता येते.

आणि कुकी नसतानाही ओळखता येतं, हेही सांगून ठेवतो. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती, टाइम झोन अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की तो ठसाच होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेने २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले तर त्यातले ८३.६ टक्के एकमेकांपासून वेगळे ओळखता येत होते. त्यावर रोजच्या साफसफाईचा काही उपाय नाही. फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह वापरला तर थोडं कमी होतं, एवढंच.

इनकॉग्निटोचं, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचं विचारलंत. ते खुर्चीत पुढे बसणाऱ्यासाठी चांगलं आहे, सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातली हिस्ट्री आणि कुकीज जातात. पण डाउनलोड केलेली फाइल राहते, इंटरनेटवाल्याला आणि ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठे गेलात ते दिसतं, आणि साइट पण बघतेच. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला होता, २०२४ मध्ये तडजोड झाली आणि गूगलने जमवलेल्या नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे वापरा, पण ते काय करतं तेवढंच त्याच्याकडून धरा.

आता टेम्प फाइल्स, ज्यात माझं रोजचं काम आहे.

टेम्पमध्ये कचरा असतो हे सगळ्यांना माहिती, पण त्या कचऱ्यात कागद कोणाचे असतात ते बघितलंय का? विंडोजमध्ये झिप फाइल आली आणि ती एक्स्ट्रॅक्ट न करता डबलक्लिक करून आतली पीडीएफ सरळ उघडली की विंडोज तिची एक कॉपी टेम्पमध्ये करून ठेवतं, फोल्डरच्या नावाची सुरुवात टेम्प१ अशी असते. तुमच्या सीएने पाठवलेली रिटर्नची झिप अशी उघडली असेल तर ती पीडीएफ तिथे असायची पूर्ण शक्यता आहे. तुम्ही मूळ झिप डिलीट केली तरी. आउटलुक वापरत असाल तर मेलमधली अटॅचमेंट उघडल्यावर तिची कॉपीही आडबाजूच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते.

आणि फोटो. हे मी विसरू शकत नाही असं एक सांगतो. एका गृहस्थांनी सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि माझ्याकडे विंडोज टाकायला आणला. आधीच्या मालकाने सगळे फोटो डिलीट केले होते, रिसायकल बिनही रिकामी होती, बिचाऱ्याने त्याच्या परीने सगळं केलं होतं. पण फोल्डरमध्ये फोटोचं जे छोटं चित्र दिसतं ना, ते विंडोज एका वेगळ्या फाइलीत साठवून ठेवतं, थंबनेल कॅशे म्हणतात त्याला, आणि फोटो गेला तरी ते चित्र तिथेच राहतं. एक साधं टूल लावलं तर कुणाच्या तरी बारशाचे फोटो ओळीने समोर आले. पाळण्याला लावलेली झेंडूची माळ दिसत होती, बाळाला घेतलेल्या आजी दिसत होत्या. त्या घरातल्या कुणाला आम्ही ओळखत नव्हतो आणि आम्ही त्यांच्या घरात उभे असल्यासारखे बघत होतो. मी ते तिथेच बंद केलं आणि डिस्क पूर्ण पुसली. त्या दिवसापासून साफसफाई करताना थंबनेल्सवर टिक आहे ना हे मी आधी बघतो.

तर करायचं कसं. आधी महत्त्वाचं काम सेव्ह करून लॅपटॉप रिस्टार्ट करा, कारण एखादं इन्स्टॉलेशन अर्धवट असेल तर त्याला त्या फाइल्स लागतात. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे यादी येते, टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स, रिसायकल बिन वगैरेवर टिक करा, पण त्याच यादीत डाउनलोड्स पण असतं, त्यावर टिक असेल तर आधी काढा, नाहीतर मुलाचा प्रोजेक्ट आणि तुमच्या पावत्या एका दमात जातील. हे झाल्यामुळे रडत आलेले लोक मी बघितलेत. दुसरा रस्ता म्हणजे विंडोजचं बटण आणि आर दाबून, पर्सेंटची खूण, टेम्प, परत पर्सेंटची खूण असं टाईप केलं की फोल्डर उघडतो, सगळं सिलेक्ट करा, शिफ्ट डिलीट. काही फाइल्स वापरात आहेत म्हणेल, त्या स्किप करा, जबरदस्ती करू नका. प्रीफेच नावाचा फोल्डर उडवा असं बरेच जण सांगतात, त्याची गरज नाही, विंडोज तो स्वतः सांभाळतं.

विंडोज आणि व्ही दाबून बघा. क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू असेल तर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या गोष्टी तिथे ओळीने दिसतील, खाते नंबर, पासवर्ड, काय काय. क्लिअर ऑल करा आणि सेटिंगमध्ये बंदच करून टाका.

ब्राउझरसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा, क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हीत चालतं. वर वेळ निवडायची असते, तिथे बऱ्याचदा शेवटचा एक तासच निवडलेला असतो आणि लोक तसंच ओके करतात, मग बाकीचं सगळं आहे तिथेच. ऑल टाइम निवडा. खाली पासवर्ड्सवर टिक करू नका. सिंक, म्हणजे एकाच अकाउंटने फोन आणि लॅपटॉप जोडलेले, चालू असताना इथे पासवर्ड उडवले तर फोनवरचे पण उडतात, आणि मग अख्खं घर ओटीपीच्या मागे. हिस्ट्रीचंही तसंच, सिंकमध्ये सगळीकडची जाते. कॅशे, म्हणजे साइटची साठवलेली चित्रं वगैरे, उडवलीत तर नुकसान काही नाही, पहिल्यांदा साइट थोडी हळू उघडेल इतकंच.

आता माझं स्पष्ट मत, रोज रात्री हे करायची गरज नाही. रोज कुकीज उडवल्या की रोज सगळीकडे पासवर्ड टाकावा लागतो, आणि मग माणूस कंटाळून सोपा पासवर्ड ठेवतो किंवा डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये लिहून ठेवतो. मी अशा नोटपॅड फाइली इतक्या बघितल्यात, आणि त्यांचं नावही पासवर्ड असंच असतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा नीट साफ करा, आणि बँक किंवा रिटर्नचं काम झालं की त्याच वेळी लॉगआउट.

खरा उपाय मात्र वेगळाच आहे आणि तो एकदाच करायचाय. विंडोजमध्ये तुमचं एक अकाउंट आणि मुलांचं दुसरं अकाउंट करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर युजर्स. तुमच्या अकाउंटला घट्ट पिन लावा, मुलांचं स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही. प्रत्येक अकाउंटचं टेम्प वेगळं, कुकीज वेगळ्या, डाउनलोड्स वेगळे, थंबनेल्स वेगळी. पुतण्याने त्याच्या बाजूला काही उतरवलं तर ते तुमच्या बँकेच्या कुकीपर्यंत पोचायला बरंच अवघड होतं. क्रोममध्ये नुसती दोन प्रोफाइल करून हे होत नाही, कारण गोल चित्रावर क्लिक केलं की कुणीही तुमच्या प्रोफाइलमध्ये येतो. आत्ता तुमच्या विंडोजला पासवर्डच नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे क्रोमने लक्षात ठेवलेले सगळे पासवर्ड डोळ्याच्या चित्रावर क्लिक करून कुणालाही वाचता येतात. रोजची साफसफाई सोडा एक दिवस, पण हे आधी करा.

ते फुकटचं क्लीनर काढून टाका. विंडोजमध्येच सोय आहे तर तिसऱ्याला घरात कशाला घ्यायचं. सीसीक्लीनर हे सगळ्यात नावाजलेलं, मी स्वतः वर्षानुवर्षं लोकांना टाकून दिलंय, आणि २०१७ मध्ये त्याच्याच ५.३३ आवृत्तीत हॅकर्सनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर घुसवलं, कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून ते सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर गेलं. साफ करायला ठेवलेला माणूसच बाहेरच्याला किल्ली देऊन बसला, आणि त्याची चूक त्यालाही कळली नव्हती. त्याच्या मालक कंपनीवर, अवास्टवर, २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड लावला, कारण प्रायव्हसी सांभाळतो म्हणत त्यांनी लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली होती. ही तर नावाजलेली कंपनी, मग जाहिरातीत येऊन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ८०० एरर सापडले म्हणणाऱ्या क्लीनरचं काय बोलावं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, साफ करण्याच्या तर वाटेलाच जाऊ नका, प्रायव्हसीला त्याचा काडीचा उपयोग नाही आणि विंडोज बिघडलं की मशीन माझ्यासारख्याकडे येतं.

शेवटी एक्सचेंजचं. डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. वाड्याच्या दारावरची नावाची पाटी काढली तरी भाडेकरू आतच असतो, नवा भाडेकरू त्या खोलीत येईपर्यंत, तसं डिलीट केल्यावर फक्त पाटी जाते आणि जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल परत काढता येते. माझ्याकडे महिन्याला कुणीतरी चुकून उडालेले फोटो परत काढायला येतंच आणि बऱ्याचदा ते निघतात, म्हणजे दुसऱ्यालाही निघतील. एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क असेल तर ट्रिम नावाची सोय असते त्यामुळे परत मिळणं खूप अवघड होतं, पण त्यावर विसंबून राहू नका.

तुमचा लॅपटॉप द्यायच्या आदल्या दिवशी हवं ते सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग क्रोम, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, सगळीकडून लॉगआउट. मग सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि पुढे चेंज सेटिंग्जवर क्लिक करून क्लीन डेटाला येस करा. हे येस बहुतेक जण करतच नाहीत, नुसतं रीसेट करतात. हार्ड डिस्क असेल तर कितीतरी तास लागतात, चार्जर लावून रात्रभर ठेवा, मध्ये बंद करू नका. दुकानदार म्हणेल आम्ही फॉरमॅट करून घेऊ, तुम्ही द्या, तर नको म्हणा, आपलं आपण करायचं. आणि लॅपटॉप चालूच होत नसेल अशी वेळ आली तर डिस्क काढून घेऊन मग लॅपटॉप द्या, दोन स्क्रूचं काम असतं, कुठलाही रिपेअरिंगवाला समोर करून देतो. एक्सचेंजमध्ये काही पैसे कमी येतील, येऊ द्या.

जीमेलची ती डिव्हाइसेसची यादी आज बघितलीत की इथेच कळवा, अनोळखी काही दिसलं तर पुढचं सांगतो. आणि खात्यातून पैसे गेल्यासारखं काही वाटलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.